विनोदाचा खर्च कुणाच्या खात्यात?

जुलै २०२५ मध्ये सीबीएस वाहिनीनं जाहीर केलं की स्टीफन कोल्बेरचा 'लेट शो' मे २०२६ मध्ये बंद होणार. त्या आठवड्यात आमच्या हापिसात जेवणाच्या टेबलावर दुसरा विषयच नव्हता. आमचा क्लायंट अमेरिकन, त्यामुळे तिकडे पाऊस पडला की आम्ही हिंजवडीत छत्र्या उघडतो :) निम्मं टेबल म्हणत होतं, बरं झालं, हा माणूस दहा वर्षं एकाच पक्षाची टवाळी करत होता. उरलेल्या निम्म्याचं म्हणणं, कंपनी खर्चाचं कारण देतेय, पण तारखा बघा. पॅरामाउंटनं ट्रंपसोबतचा खटला १ कोटी ६० लाख डॉलर देऊन मिटवला, कोल्बेरनं त्याला पडद्यावरून सरळ लाच म्हटलं, आणि तीन दिवसांत शो बंद करण्याची घोषणा झाली. पुढे सप्टेंबरात जिमी किमेलचा शो आठवडाभर थांबवला तेव्हा हीच चर्चा पुन्हा झाली. तीच माणसं, तेच डबे.

आमच्या टीममधल्या एका दिल्लीकरानं मला सहज विचारलं, "तुम्हारे मराठी में ऐसा कुछ है क्या? रात का, पॉलिटिकल?"

मी म्हटलं, आहे की. मग नावं आठवायला लागलो. 'चला हवा येऊ द्या'. 'हास्यजत्रा'. 'फू बाई फू'. तो म्हणाला, "ये सब में पॉलिटिक्स होता है?" मी चपाती मोडली आणि विषय बदलला.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहितोय.

आमच्या गंगाखेडच्या घरी 'चला हवा येऊ द्या' म्हणजे आरतीसारखं होतं. ऑगस्ट २०१४ मध्ये झी मराठीवर सुरू झालं तेव्हा मी अकरावीत होतो. रात्री साडेनऊला बाबा, काका, दोन्ही आया, आजी, आम्ही पोरं, सगळे एका खोलीत. भाऊ कदम नुसता आला तरी आजी पदर तोंडाला लावायची. मार्च २०२४ मध्ये ते पर्व संपलं (२०२५ मध्ये नव्या सूत्रसंचालकाबरोबर परत आलं, पण ते वेगळं). जवळजवळ दहा वर्षं! या दहा वर्षांत महाराष्ट्रात काय काय झालं ते जरा आठवा. २०१९ चा पहाटेचा शपथविधी. तीन पक्षांचं सरकार. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. एकाच नावाचे दोन-दोन पक्ष, एकाच चिन्हासाठी निवडणूक आयोगात भांडणं. विनोद लिहिणाऱ्यांसाठी हा दुष्काळ नव्हता, महापूर होता. आणि थुकरटवाडीत काय चाललं होतं? पुरुष साडी नेसून येत होते आणि नव्या सिनेमाचं प्रमोशन होत होतं.

गैरसमज नको. मी मनापासून हसलोय, आजही यूट्यूबवर जुने भाग लावतो. 'हास्यजत्रे'तल्या कलाकारांचं टायमिंग तर असं आहे की कामाचा वैताग विसरायला होतो. तिथेही नेता येतो, नाही असं नाही. पण तो नुसता 'नेता' असतो. पांढरे कपडे, गॉगल, मागे दोन कार्यकर्ते. पक्ष नाही, नाव नाही, खातं नाही. कोडमध्ये टेस्ट युजर टाकतो ना आपण, तसा. त्याला काहीही म्हणा, कुणाला लागत नाही.

म्हणजे अमेरिकेतलं भांडण असं की विनोद एका बाजूला झुकलाय. आपल्याकडे तो झुकायचा प्रश्नच येत नाही, कारण तो त्या खोलीतच जात नाही. पण मग तो निःपक्ष झाला का? मला तसं वाटत नाही. ज्याची नक्कल होत नाही त्याचा काहीतरी फायदा होतोच. आणि हसायला तर कुणीतरी लागतंच. मग कुणाला हसतात? बायकोला. मोलकरणीला. जाड माणसाला. आणि आम्हाला! मराठवाड्यातला माणूस टीव्हीवर आला की तो 'कामून' म्हणणार, 'काय करायलास' म्हणणार, आणि त्यानं तोंड उघडलं की मुंबईच्या प्रेक्षागृहात हशा. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंद झाला, जाळपोळ झाली, पोलिसांची धरपकड झाली आणि न्यायालयीन कोठडीत एका तरुणाचा जीव गेला. त्यावर विनोद करा असं कुणी म्हणणार नाही, मीही नाही. पण आठवडाभर सगळ्या वाहिन्यांवर परभणी, परभणी चालू असताना करमणुकीच्या वाहिनीवरची परभणी तीच होती, एका टोनची. आमच्याबद्दल 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आहेच. बहुतेक लेखक तिथंच थांबतात.

हे असं का, याचं एक उत्तर कायद्यात आहे. आपल्याकडे १९९५ चा केबल टीव्हीचा कायदा आणि त्याखालची कार्यक्रम संहिता आहे. तिच्या सहाव्या नियमात काय दाखवू नये याची यादी आहे. त्यात अर्धसत्य आणि सूचक टोमणे आहेत, एखाद्या व्यक्तीची नाव घेऊन निंदा आहे. आता राजकीय विनोदातून अर्धसत्य आणि टोमणे काढले तर खाली काय उरतं सांगा बरं? नियम रोज लावत नाहीत हे खरं. पण वाहिनीच्या वकिलाला तो माहीत असतो, आणि लेखकाला वकील माहीत असतो. २०१७ मध्ये श्याम रंगीलानं 'ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज'मध्ये मोदींची नक्कल केली. शूटिंग झालं, परीक्षक हसले, आणि तो भाग दाखवलाच नाही. तो क्लिप होऊन फोनाफोनी फिरला आणि आमच्या हॉस्टेलवर सगळ्यांनी पाहिला.

टीव्हीवर कधीच नव्हतं असंही नाही. १९९७ ला सोनीवर शेखर सुमनचं 'मूव्हर्स अँड शेकर्स' आलं, सरळ अमेरिकन साच्यातलं. मी तेव्हा पाळण्यात. बाबा सांगतात, वाजपेयींची नक्कल बघायला लोक जागे राहायचे. त्या शेखर सुमननं २००९ ला पाटणा साहिबमधून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभा लढवली आणि तो हरला. मे २०२४ मध्ये भाजपमध्ये गेला. मग आता त्याचे ९७ चे विनोद कोणत्या बाजूचे धरायचे? एनडीटीव्हीवर 'गुस्ताखी माफ'च्या बाहुल्या होत्या, सीएनएन-आयबीएनवर सायरस ब्रोचा होता. पण हे सगळं बातम्यांच्या वाहिन्यांवर आणि हिंदी-इंग्रजीत. मराठीत राजकीय विनोद टीव्हीवर स्थिरावलाच नाही, कारण त्याची जागा आधीच भरलेली होती. ती म्हणजे सभा.

हे मला फार उशिरा नाही, पण एका ठराविक दिवशी कळलं. १२ एप्रिल २०१९, नांदेड. मी तेव्हा इंजिनिअरिंगला. राज ठाकरेंची सभा होती. मनसे लोकसभेला एकही जागा लढवत नव्हती, तरी सभा! आम्ही हॉस्टेलचे आठ-दहा जण गेलो, राजकारणासाठी नाही, टाइमपाससाठी. मागे मोठा पडदा. साहेब एक जुनं भाषण लावायला सांगणार, ते थांबवणार, प्रेक्षकांकडे बघणार, आणि एक वाक्य टाकणार. 'लाव रे तो व्हिडीओ'. मी तेव्हा जॉन स्टुअर्टचा 'डेली शो' नुकताच पाहायला लागलो होतो, आणि मला मैदानात उभ्या उभ्या लक्षात आलं की हे तेच आहे. क्लिप, विराम, तोंड वाकडं, पंच. स्टुडिओऐवजी धुरळा, एवढाच फरक. पुढे सोलापूरच्या सभेत त्यांनी हरिसालच्या 'डिजिटल गाव' जाहिरातीतला माणूसच स्टेजवर उभा केला. एवढी तयारी कोणत्याही मराठी वाहिनीच्या रिसर्च टीमनं तोवर केली नव्हती. मग आशिष शेलारांनीही व्हिडीओला व्हिडीओनं उत्तर दिलं. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात खराखुरा लेट नाइट चालू होता, तोही दोन चॅनेलवर :)

आणि भाजपनं निवडणूक आयोगाकडे एक प्रश्न नेला, तो मला आजही भारी वाटतो: मनसेचा उमेदवार नाही, मग या सभांचा खर्च कुणाच्या खात्यात धरायचा? विचारला होता राजकारण म्हणून, पण प्रश्न अगदी तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. विनोद पक्षपाती आहे का, हे हसण्यावरून ठरवता येत नाही. बिल कोण भरतंय ते बघावं लागतं.

निकाल काय लागला? नांदेडमध्ये अशोक चव्हाण हरले. राज्यात भाजप-सेना युतीला ४८ पैकी ४१. हसलेल्या मैदानातली मतं कुठं गेली देव जाणे. माझ्याबरोबर हसलेल्या आठ जणांतल्या किमान तिघांनी युतीलाच मत दिलं, हे त्यांनीच येताना रिक्षात सांगितलं होतं, की देणार आहेत म्हणून. "अरे मजा वेगळी, मत वेगळं." ज्यांना वाटतं की टीव्हीवरचा विनोदवीर लोकांची डोकी फिरवतो, त्यांनी तो रिक्षातला संवाद ऐकायला हवा होता. पुढे २०२४ च्या गुढीपाडव्याला राज ठाकरेंनी मोदींना बिनशर्त पाठिंबा दिला. अशोक चव्हाण तर फेब्रुवारीतच भाजपमध्ये गेले होते. व्हिडीओ तेवढे यूट्यूबवर तसेच आहेत.

त्या २०१९ च्या सभांबद्दल आमच्या घरात एकमत होतं. बाबा आणि काका दोघंही जुने शिवसैनिक. दोघंही म्हणाले, "हे सगळं बारामतीचं स्क्रिप्ट हाय." बाळासाहेबांच्या सभेतल्या नकला मात्र दोघांना पाठ! साहेब मुळात व्यंगचित्रकार, १९६० ला 'मार्मिक' काढलं, शिवसेना त्यातून उभी राहिली. १९७१ ला दादा कोंडकेंच्या 'सोंगाड्या'ला दादरचं कोहिनूर थिएटर मिळेना, तेव्हा सेना मागे उभी राहिली, आणि पुढे दादा सेनेच्या व्यासपीठावर दिसू लागले. म्हणजे महाराष्ट्रात विनोद आणि पक्ष यांचं लग्न जुनं आहे. दादांनी 'विच्छा'मध्ये काँग्रेसवर टोमणे मारले तेव्हा काँग्रेसवाले सोडून कुणालाच तो पक्षपात वाटला नाही. आपल्या बाजूचा विनोद आपल्याला विनोदच वाटतो. समोरच्याचा असला की स्क्रिप्ट.

मग जून २०२२ आलं. बाबा ठाकरेंकडे राहिले, काका शिंद्यांकडे गेले. काकांचं सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे, आणि सरकार ज्याचं त्याच्याशी बोलणं ठेवावं लागतं, हे ते स्वतःच सांगतात. यात लपवण्यासारखं काही नाही. खासदार संजय जाधव ठाकरेंबरोबर राहिले, २०२४ ला महादेव जानकरांना हरवून परत निवडून आले, त्या दिवशी बाबांनी पेढे वाटले आणि एक पुडा मुद्दाम काकांच्या दुकानावर पाठवला. काकांनी ठेवून घेतला. पेढे बरे होते म्हणाले.

२३ मार्च २०२५ ला कुणाल कामराचा व्हिडीओ आला. मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओत केलेला कार्यक्रम, त्यात एका हिंदी गाण्याच्या चालीवर ठाण्याची रिक्षा आणि 'गद्दार'. नाव घेतलेलं नव्हतं. त्याच रात्री शिंदे गटाच्या कार्यकर्त्यांनी स्टुडिओ फोडला, दुसऱ्या दिवशी महापालिका हातोडे घेऊन आली आणि स्टुडिओनं स्वतःच दार लावून घेतलं. कामरावर गुन्हा दाखल झाला. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं, तपास करा पण अटक नको. शिंद्यांचं म्हणणं असं होतं की व्यंग समजतं, पण मर्यादा हवी, हे म्हणजे कुणाविरुद्ध बोलायची सुपारी घेतल्यासारखं आहे.

माझं प्रामाणिक मत: ते गाणं विनोद म्हणून सामान्य होतं. यमक जुळवलेलं, बस. अमेरिकेत जे म्हणतात की लेट नाइटमध्ये लोक आता हसत नाहीत, सहमतीच्या टाळ्या वाजवतात, ते कामराच्या प्रेक्षकांना तंतोतंत लागू. त्यांना धक्का बसतच नाही. जे लेनोनं मध्यंतरी हेच विचारलं होतं, निम्मे प्रेक्षक मुद्दाम का घालवायचे? मुद्दा चुकीचा नाही. पण खुर्च्या फोडायला तो पुरत नाही. आणि 'गद्दार' म्हणाल तर तो शब्द कामराचा थोडाच आहे! परभणीत सेनेनं खासदार निवडून आणायचा आणि त्यानं पुढे पक्ष सोडायचा, हे एकदा-दोनदा नाही झालेलं. आमच्याकडे हा शब्द माझ्या जन्माआधीपासून चौकाचौकांत आहे.

घरी मात्र भडका उडाला. पाडव्याला मी गेलो होतो. बाबा ते गाणं मोबाइलवर परत परत लावत होते, मुद्दाम आवाज वाढवून. काका म्हणाले, "सुपारी घेतलीय त्यानं." बाबा म्हणाले, "मंग २०१९ ला तूच म्हनलतास ना, राजची सुपारी हाय म्हनून?" काका म्हणाले, "तुमी बी म्हनलते." यावर बाबांकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्यांनी आवाज आणखी वाढवला. आजी दोघांना म्हणाली, "ते भाऊ कदमचं लावा रे." आणि खरंच, दहा वर्षं ते घर एका खोलीत बसलं ते भाऊ कदममुळेच. हेही विसरून चालणार नाही. मी वर जे थुकरटवाडीबद्दल लिहिलं त्याला आजीचा विरोध आहे असं समजा.

आता यातली जी गोष्ट मला खरी सांगायचीय ती. काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, बावीस वर्षांचा. रील्स करतो. अस्सल आमच्या बोलीत, आणि लोकांनी हसावं म्हणून तोंड वेंगाडून नाही, तर जसं बोलतो तसं. गेल्या पावसाळ्यात त्यानं गावाजवळच्या एका रस्त्यावर रील केलं. खड्ड्यात खुर्ची टाकून बसलाय, मागं चादर बांधलीय आणि 'लाव रे तो व्हिडीओ' म्हणतो. चादरीवर काहीच दिसत नाही. तो म्हणतो, "लाईट न्हाई वो. आता ह्योच व्हिडीओ समजा." आणि खड्डा दाखवतो. पक्षाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही. अठ्ठेचाळीस सेकंद. मी हापिसात पाहिलं आणि कॉलवर म्यूट असताना हसलो. दोन दिवसांत आसपासच्या तालुक्यांत सगळीकडे फिरलं.

तिसऱ्या दिवशी फोन आला. त्याला नाही, काकांना. कुणाचा ते लिहीत नाही. धमकी वगैरे काही नाही, अगदी प्रेमानं: "पोरगं हुशार हाय. पन कोन करून घेतंय हे त्याच्याकडून? कुनाची सुपारी?"

काका घरी आले ते गप्प. चार महिन्यांपूर्वी तोच शब्द त्यांनी स्वतः वापरला होता, आणि आता तो त्यांच्याच पोराला लागला होता. पोराला सुपारी कोण देणार? त्याच्या रिचार्जचे पैसे मीच टाकतो! म्हणजे खर्च माझ्या खात्यात, हवं तर आयोगाला कळवा. बाबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे तसंच. बघू कोन काय करतंय." बोलायला सोपं होतं, दुकान त्यांचं नव्हतं. काका म्हणाले, काढ. भावानं मला फोन केला, "दादा, तू सांग."

मी म्हटलं, कायद्यानं तुला कुणी काही करू शकत नाही. तो म्हणाला, "कायद्याचं न्हाई विचारायलो. पप्पाच्या बिलाचं विचारायलो." दुकानाचं मोठं बिल एका ठेकेदाराकडे अडकलेलं होतं, ते मलाही माहीत होतं. मी पुण्यात बसून काय सांगणार? म्हटलं, तुला पटेल ते कर, मी तुझ्या बाजूनं आहे. त्यानं त्याच संध्याकाळी रील काढलं.

मग तो नवरा-बायकोवर करायला लागला. ओढणी डोक्यावर घेऊन बायको स्वतःच होतो. चांगलं करतो, लोक म्हणतात भाऊ कदमची आठवण येते. व्ह्यूज आधीपेक्षा जास्त. दिवाळीत सेलूच्या एका साडीच्या दुकानानं उद्घाटनाला बोलावलं, पाच हजार आणि एक साडी दिली. साडी आजीला दिली. काका खूश, बाबा खूश, सगळे एकत्र बसून त्याची रील्स बघतात. पुढं-मागं कुठल्या वाहिनीवर ऑडिशन मिळेल, आणि मला खात्री आहे की तो निवडला जाईल.

आमच्या परभणीचाच संकर्षण कऱ्हाडे आहे, २०२४ च्या निवडणुकीत त्याची राजकारणावरची कविता सगळीकडे फिरली होती. मी भावाला म्हटलं, बघ, असंही करता येतं, सगळ्यांना थोडं थोडं लावायचं. तो म्हणाला, "दादा, त्येनला सगळे वळखतात. माझा खड्डा एकच हाय, सगळ्यांना थोडा थोडा कसा वाटू?"

काढण्याआधी त्यानं मूळ फाईल मला पाठवली होती, "तुज्याकडं ठिव." माझ्या ड्राइव्हवर आहे. नाव त्यानंच दिलंय, 'निवडणुकीनंतर'. कोणत्या निवडणुकीनंतर ते विचारायचं राहिलंय.